माशांच्या कल्ल्यांवरील अमीबा

शेततळ्यांतून रोहू, कटला व मृगळ वाढविणारे शेतकरी महाराष्ट्रांत आतां पुष्कळ झाले आहेत. बैलाच्या खुरांत जखम झाली किंवा गाय रवंथ करीनाशी झाली, तर ती गोष्ट आपल्या लक्षांत यावयास वेळ लागत नाहीं. परंतु मासा आजारी आहे हें ओळखावें कसें, येथपासूनच आपली अडचण सुरू होते. मासा हंबरत नाहीं, लंगडत नाहीं, आणि बहुतेक वेळ तो दृष्टीसही पडत नाहीं. मेलेला मासा पांढरें पोट वर करून तरंगूं लागला म्हणजे मग आपली धांवपळ होते; व ती धांवपळ बहुधा औषधाच्या दुकानाच्या दिशेनें होते.

या लेखांत ज्या रोगाची हकीकत सांगावयाची आहे, तो आपल्या तळ्यांतला नव्हे. तो थंड समुद्रांत पिंजऱ्यांतून वाढविलेल्या सामन माशांचा रोग आहे. मग तो येथें कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, माशाचा कल्ला कसा बिघडतो, आणि रोगाचें कारण शोधतांना जाणती माणसेंही किती वर्षें चुकूं शकतात, हें या एका रोगावरून जितकें स्पष्ट समजतें तितकें दुसऱ्या कशानेंही समजत नाहीं. शिवाय याच जातीच्या जीवांचा उपद्रव गोड्या पाण्यांतील माशांसही होतो. त्याचा विचार पुढें केला आहे.

अमीबा हें नांव आमांशाच्या संबंधानें वाचकांच्या कानांवरून गेलेंच असेल. अमीबा म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्यास ठराविक आकार नाहीं. अंगाचा एखादा भाग पुढें ओघळवावा, त्या ओघळाच्या आधारें बाकीचें अंग ओढून घ्यावें, आणि वाटेंत जें सूक्ष्म भक्ष्य सांपडेल त्याला चोहोंकडून वेढून गिळावें, ही त्याची रीत. या ओघळास शास्त्रांत छद्मपाद म्हणतात. अमीब्यांच्या बहुतेक जाती कोणाच्याही वाटेस न जातां चिखलांत, कुजणाऱ्या पानांवर, डबक्यांत व समुद्राच्या तळाशीं जंतु खाऊन राहतात. आमांशाचा अमीबा मनुष्याच्या आंतड्यांत राहतो, म्हणून तो परजीवी. यांच्या मधोमध तिसरा एक वर्ग आहे. एरवीं स्वतंत्र राहणारे, परंतु संधि मिळाली कीं दुसऱ्याच्या अंगावर घर करणारे असे कांहीं अमीबे असतात. आणि माशांस उपद्रव देणारे अमीबे मुख्यतः या वर्गांतले आहेत.

आतां कल्ल्याची रचना पाहूं, कारण ती ध्यानांत आल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. बाजारांतून आणलेल्या माशाचें कल्ल्यावरील झांकण उचलून पाहावें. प्रत्येक बाजूस चार कमानी दिसतील. प्रत्येक कमानीवर कंगव्याच्या दात्यांसारख्या तांबड्या तंतूंच्या दोन रांगा असतात. त्या प्रत्येक तंतूवर पुन्हां अत्यंत पातळ अशा पर्णिकांची दाट ओळ असते. ती मात्र सूक्ष्मदर्शकावांचून नीट दिसावयाची नाहीं. या पर्णिकांतून रक्त वाहतें व त्यांच्यामधील फटींतून पाणी वाहतें. दोहोंमध्यें केवळ एका पातळ त्वचेचा पडदा. त्या पडद्यांतून पाण्यांतील प्राणवायु रक्तांत शिरतो व रक्तांतील कर्बवायु पाण्यांत जातो. माशाच्या शरीरांतील क्षारांचा तोलही बऱ्याच अंशीं येथेंच सांभाळला जातो. म्हणजे आपलें फुफ्फुस आणि मूत्रपिंड यांचीं बरींचशीं कामें माशाचा कल्ला एकटा करितो, आणि तेंही उघड्यावर, वाहत्या पाण्यांत, जेथें वाटेल त्या जीवास येऊन बसतां येतें.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नांवाचें बेट आहे. सामन हा मासा मूळचा तेथला नव्हे. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया येथून ऑस्ट्रेलियांत आणून न्यू साउथ वेल्समध्यें जोपासलेल्या वाणाचीं अंडीं इ. स. १९८४ च्या सुमारास टास्मानियांत नेलीं, व तेथील खाड्यांतून तरत्या पिंजऱ्यांत हा धंदा सुरू झाला. धंदा उभा राहतो न राहतो तोंच पिंजऱ्यांतील मासे मरूं लागले. मासे सुस्त होत, पृष्ठभागाजवळ येऊन रेंगाळत, चारा टाकीत आणि झांकणें भराभर हलवीत. कल्ले उघडून पाहिले तर तांबड्या तंतूंवर पांढुरके, बुळबुळीत, किंचित् उंचवट्याचे डाग दिसत. उपाय न केल्यास पिंजऱ्यांतील निम्मे मासेही दगावत. त्याच सुमारास, इ. स. १९८५ सालीं, अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत समुद्राच्या पाण्यांत वाढविलेल्या कोहो जातीच्या सामनांवर असाच रोग आढळला.

डागांवरील बुळा कांचेवर घेऊन पाहतां त्यांत अमीबे दिसले. मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते पंचविसाव्या भागाइतका त्यांचा आकार. ते पर्णिकांच्या त्वचेस चिकटले म्हणजे त्वचा चिडते व तिच्या पेशी भराभर वाढूं लागतात. शेजारच्या दोन पर्णिकांमधील फट बुजते, मग तिसरी चिकटते, चौथी चिकटते, आणि अखेरीस तंतूचा तो भाग एक सपाट लादी होऊन बसतो. वर बुळ्याचा थर असतोच. जेथून पाणी वाहावयाचें तेथें भिंत उभी राहिली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अमीबा माशास खाऊन मारीत नाहीं. माशाचें शरीर बचावासाठीं जी त्वचा वाढवितें, तिनेंच श्वासाचा मार्ग अडतो.

या अमीब्यांच्या अंगांत आणखी एक चमत्कार आहे, तो जातां जातां सांगतों. प्रत्येकाच्या केंद्रकाशेजारीं दुसरा एक लहानसा गोळा दिसतो. तो या अमीब्याचा अवयव नव्हे. तो एक निराळाच जीव असून अमीब्याच्या अंगांत कायमचा राहतो, आणि माशांच्या कातडीवर व कल्ल्यांवर उपद्रव करणाऱ्या एका चाबूकधारी जीवाचा तो जवळचा नातलग आहे. ओळख पटविण्याची खूण म्हणून त्याचा फार उपयोग होतो. घरांत भाडेकरू, आणि त्या भाडेकऱ्यावरून घराची ओळख, असा हा प्रकार.

ही खूण मात्र अपुरी पडली. असा गोळा बाळगणाऱ्या अमीब्यांच्या जाती एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं 'पॅरामीबा पेमाक्विडेन्सिस' ही जाती इ. स. १९७० सालीं अमेरिकेंतील मेन प्रांताच्या किनाऱ्यावरून वर्णिलेली होती, आणि ती स्वतंत्र राहणारी म्हणून ठाऊक होती. टास्मानियांतील आजारी कल्ल्यांवरचा बुळा प्रयोगशाळेंतील ताटलींत घालून वाढवितां तीच उत्तम वाढे. तेव्हां हाच अपराधी, असें ठरलें. सुमारें वीस वर्षें पुस्तकांतून व लेखांतून तेंच नांव चाललें. परंतु एक गोष्ट मनास खटकत असे. आजारी माशाच्या कल्ल्यावरून ताजे काढलेले अमीबे निरोगी माशांच्या टांकींत सोडले, तर रोग होई. पण ताटलींत वाढविलेले तेच म्हणून सोडले, तर रोग होत नसे. ताटलींत राहून ते निरुपद्रवी बनतात, असा तर्क कांहींनीं केला. तर्क वाईट नव्हता, पण खरें कारण निराळें होतें.

इ. स. २००७ सालीं टास्मानियांतील संशोधकांनीं अमीब्यांच्या अनुवंशद्रव्याची परीक्षा थेट कल्ल्याच्या डागांवरच केली. तेव्हां असें दिसून आलें कीं, डागांत बसलेली जाती निराळीच आहे. तोंवर तिचें कोणीं नांवही ठेविलें नव्हतें. तिला 'निओपॅरामीबा पेरुरान्स' असें नांव दिलें. पेमाक्विडेन्सिस ताटलींत सहज वाढे, म्हणून ती हातीं येई. पेरुरान्स त्या वेळच्या रीतीनें वाढत नसे, म्हणून ती निसटे. शेतांत हरभऱ्याबरोबर तणाचें बीं पडलें, तण आधीं उगवलें, म्हणून पेरणी तणाचीच केली होती असें कोणी म्हणावें, तशांतलीच ही गोष्ट. पुढें पेरुरान्स वाढविण्याची युक्ति सांपडली. इ. स. २०१२ सालीं ताटलींत वाढविलेल्या याच अमीब्यांपासून निरोगी सामनांस रोग उत्पन्न करून, त्या माशांवरून तोच अमीबा पुन्हां काढून दाखविण्यांत आला. अपराध्याची ओळख तेव्हां पक्की झाली.

ही चूक शास्त्रज्ञांची खरी, पण तिच्यांत त्यांना हंसण्यासारखें कांहीं नाहीं. जें हातीं लागतें त्यावरच दोष ठेवण्याची खोड आपल्यालाही आहे. आमच्या स्वतःच्या तळ्यांत एका आषाढांत चार दिवस आभाळ भरून राहिलें असतां पहांटे मासे वर येऊन तोंडें वासूं लागले. पाण्यांत हिरवें शेवाळ दाट झालें होतें. आम्हीं घाईघाईनें एक जंतुनाशक आणून ओतलें. दुपारपर्यंत मासे खालीं गेले, व औषधानें गुण दिला म्हणून आम्हांस समाधान वाटलें. दुसऱ्या पहांटे पुन्हां तोच प्रकार! रात्रीं शेवाळासह सर्व जीव प्राणवायु वापरतात व उजाडतांना तो अगदीं कमी होतो. ऊन पडून शेवाळ पुन्हां प्राणवायु सोडूं लागलें, म्हणून मासे सांवरले होते. औषधाचा त्यांत कांहींच वांटा नव्हता. तळ्यांतलें थोडें पाणी काढून ताजें पाणी उंचावरून पाडल्यावर मग सुधारणा झाली. त्या वेळीं एकही कल्ला उघडून पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. तो ऐकून आश्चर्य वाटतें, कारण तो म्हणजे नुसतें गोडें पाणी. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. या अमीब्याचें अंग त्या क्षारतेशीं जुळलेलें असतें. गोड्या पाण्यांतील अमीब्यांच्या अंगांत एक लहानशी पिशवी असते. ती आंत झिरपलेलें पाणी भरून घेते व आकुंचन पावून बाहेर टाकते. समुद्रांतील या अमीब्यास ती पिशवी नाहीं. म्हणून गोड्या पाण्यांत पडतांच पाणी त्याच्या अंगांत शिरत राहतें, आणि तें बाहेर टाकण्याचें साधन नसल्यामुळें तो फुगतो, कल्ल्यावरची पकड सोडतो व पुष्कळसे फुटून मरतात. सामन मात्र जन्मतो नदींत, वाढतो समुद्रांत, व अंडीं घालावयास पुन्हां नदींत येतो. त्यास कांहीं तास गोडें पाणी बाधत नाहीं.

तत्त्व सोपें आहे, पण श्रम किती ते पाहा. पिंजऱ्याच्या शेजारीं ताडपत्रीसारख्या जाड कापडाची प्रचंड पिशवी समुद्रांत तरती ठेवावयाची. ती धरणाच्या किंवा ओढ्याच्या गोड्या पाण्यानें भरावयाची. त्यांत प्राणवायु सोडीत राहावयाचें. मग हजारों मासे पंपानें नळींतून तींत घ्यावयाचे. दोन ते तीन तास ठेवून परत सोडावयाचे. अलीकडे पोटांत टांकी असलेल्या मोठ्या नौका हें काम करितात. पाणी कठीण असण्यापेक्षां मृदु असल्यास गुण अधिक येतो, असेंही आढळलें आहे. इतकें करूनही सर्व अमीबे मरत नाहींत. राहिलेले, आणि समुद्रांतून नव्यानें येणारे, मिळून कांहीं आठवड्यांत कल्ले पुन्हां भरून टाकतात. उन्हाळ्यांत पाणी ऊन झालें म्हणजे महिन्याच्या अंतरानेंही हें स्नान घालावें लागतें. उत्पादनखर्चाचा दशांश किंवा त्याहूनही अधिक भाग केवळ या एका रोगापायीं जातो.

टास्मानियाच्या पश्चिमेस मॅक्वारी हार्बर म्हणून एक मोठी खाडी आहे. तींत नद्यांचें पाणी इतकें येतें कीं वरचा थर बराचसा गोडा असतो. तेथील सामन या रोगापासून पुष्कळ काळ दूर राहिले, याचें कारण उघड आहे: स्नान निसर्गानेंच घातलेलें. (त्या खाडींत खालच्या थरांत प्राणवायु कमी पडण्याची अडचण निराळी आहे, एका जागेंत सर्व गुण सांपडत नाहींत.)

युरोपांत हा रोग प्रथम इ. स. १९९५ सालीं आयर्लंडांत व २००६ सालीं नॉर्वेंत दिसला. परंतु खरा तडाखा इ. स. २०११ व २०१२ सालीं आयर्लंड व स्कॉटलंड यांना बसला आणि पाठोपाठ नॉर्वेसही. तेथें गोड्या पाण्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग करितात. त्याचें द्रावण समुद्राच्या पाण्यांत करून मासे सुमारें वीस मिनिटें त्यांत ठेवतात. हें औषध दुधारी आहे. पाणी थंड असेल तर अमीब्यास मारितें. पाणी ऊन असेल तर माशाचा कल्लाही भाजून काढतें. म्हणूनच टास्मानियांतील लोक गोड्या पाण्यालाच धरून राहिले. पिंजऱ्यांत उवा वेंचून खाण्यासाठीं सोडलेले रॅस व लंपफिश हे मासे स्वतःच या अमीब्याचे वाहक ठरल्याचेंही आढळलें आहे. एका रोगावरचा नोकर दुसरा रोग घेऊन आला, असें झालें. गुणकारी लस अद्याप निघालेली नाहीं.

वाणाची निवड हा उपाय आम्हांस सर्वांत आशाजनक वाटतो, आणि शेतकऱ्यास तो लवकर पटेल. टास्मानियांत इ. स. २००४ पासून सामनांच्या निवडपैदाशीचें काम चालू आहे. कल्ल्यांवरील डागांस शून्यापासून पांचापर्यंत गुण देतात. शून्य म्हणजे स्वच्छ कल्ला. एक म्हणजे एखादाच डाग. तीन म्हणजे कल्ल्याच्या पंचमांशापर्यंत जाड डाग. पांच म्हणजे कल्ल्याचा बहुतेक भाग व्यापलेला. ज्या कुळांतील माशांचे गुण कमी भरतात, त्यांचीं अंडीं पुढील पिढीसाठीं राखतात. पहिल्याच संसर्गांत कुळाकुळांतील फरक फारसा दिसत नाहीं; एकदां रोग होऊन स्नानानें बरा झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीं तो ठळक होतो. त्यामुळें निवड करणाऱ्यास धीर धरावा लागतो.

गोड्या पाण्यांतील गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कॅनडांत व पुढें युरोपांत पाळीव ट्राउट माशांच्या कल्ल्यांवर गांठी येणारा एक रोग वर्णिलेला आहे; त्याचें शास्त्रीय वर्णन इ. स. १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतही पर्णिकांची त्वचा वाढून फटी बुजतात व डागांवर अमीबे सांपडतात. पण प्रत्येक ठिकाणीं जाती निराळी, आणि कित्येकदां एकाच कल्ल्यावर दोन-तीन जाती. सामनाच्या रोगांत जसा एक अपराधी निश्चित झाला, तसा येथें झालेला नाहीं. शोभेच्या सोनमाशांत तर अमीबे कल्ल्यांवर न थांबतां मूत्रपिंडादि आंतील अवयवांत शिरून गांठी उत्पन्न करितात, असें अमेरिकेंत इ. स. १९७७ सालीं नोंदलेलें आहे.

आपल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यांवर पांढरें कांहीं दिसलें, तर तें अमीब्यामुळेंच असें समजूं नये. कटल्याच्या कल्ल्यांवर दाण्यासारख्या पांढऱ्या गांठी बहुधा मिक्सोबोलस वर्गाच्या परजीवींच्या असतात. बुळा फार सुटला तर कल्ल्यांवरील चपट्या कृमींचा संशय घ्यावा. तंतु कुजून तुकडे पडत असतील तर बुरशी किंवा जंतु. शिवाय तळ्याच्या गाळांत स्वतंत्र राहणारे अमीबे मरणोन्मुख माशाच्या कल्ल्यावर आयतेच येऊन बसतात. तेव्हां नुसता अमीबा दिसला म्हणून त्यास फांशी देऊं नये. जंतूंवर चालणारीं प्रतिजैविक औषधें अमीब्यावर किंवा कृमींवर चालत नाहींत; दुकानदार कांहींही म्हणो, निदानापूर्वीं त्यांवर पैसा घालवूं नये.

टास्मानियांतील स्नानाचें तत्त्व आपल्याकडे उलट्या बाजूनें लागू पडतें. मत्स्यबीज तळ्यांत सोडण्यापूर्वीं मिठाच्या पाण्यांतून काढण्याची चाल आहे, ती याच तत्त्वावर. शंभर लिटर पाण्यांत दोन ते तीन किलो साधें मीठ विरघळवून बोटुकली कांहीं मिनिटें त्यांत ठेवावी व ती अस्वस्थ होऊन कलंडूं लागतांच ताज्या पाण्यांत घ्यावी. बाहेरून चिकटलेले पुष्कळ सूक्ष्म परजीवी यानें गळून पडतात. त्वचेच्या आंत गांठी करून बसलेल्यांस मात्र याचा कांहीं उपद्रव होत नाहीं.

राहिली परीक्षा. महिन्यांतून एकदां जाळें ओढून पांच-दहा मासे पाहावे. पहांटे सर्वच लहानमोठे मासे वर येतात, उन्हें चढल्यावर खालीं जातात आणि कल्ले लालभडक आहेत, तर प्राणवायूची तूट समजावी. दुपारींही कांहीं मासे कडेला रेंगाळत असतील, चारा टाकीत असतील, तर ते धरून त्यांचीं झांकणें उचलावींत व दोन्ही बाजूंच्या आठही कमानी, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांनीं, पाहाव्या. तरंगणारा मेलेला मासा यासाठीं निरुपयोगी. कल्ला हा माशाचा सर्वांत लवकर कुजणारा अवयव आहे, व तास-दोन तासांत तेथें काय होतें हें कोणासही सांगतां येत नाहीं. संशय असेल तर जिवंत आजारी मासा पाण्यासह प्राणवायु भरलेल्या पिशवींत घालून मत्स्यशास्त्राच्या जवळच्या महाविद्यालयांत किंवा मत्स्यविभागाच्या कचेरींत न्यावा. तें शक्य नसेल तर मासा मारतांच डाव्या बाजूची दुसरी कमान कापून तिच्या दसपट दहा टक्के फॉर्मलीनमध्यें, व उजवीकडील एक कमान निराळ्या बाटलींत शुद्ध मद्यार्कांत ठेवावी, कारण फॉर्मलीनमध्यें ठेवलेल्या तुकड्यावर अनुवंशद्रव्याची परीक्षा नीट होत नाहीं. दोन्ही बाटल्यांवर तळ्याचें नांव, तारीख, पाण्याचें त्या वेळचें उष्णतामान आणि गेल्या पंधरा दिवसांत तळ्यांत काय काय टाकलें तें शिसपेन्सिलीनें लिहावें. शाई मद्यार्कानें पुसली जाते.